फॅफ्सा, आत जाऊन आलेल्याच्या नजरेतून: फॉर्मला चार तारे, ऑफिसला दोन

अमेरिकेत कॉलेजच्या फीसाठी सरकारी मदत हवी असेल तर फॅफ्सा नावाचा फॉर्म भरावा लागतो. इथल्या मराठी घरांत तो मुलांसाठी भरतात. बारावीच्या वर्षी एका रविवारी बाबा लॅपटॉप उघडून बसतात, आई टॅक्सचे कागद शोधते आणि मुलगा वरच्या मजल्यावर झोपलेला असतो. मी तो सदतिसाव्या वर्षी स्वतःसाठी भरला. माझ्या नावावर गोळ्या विकल्याचा गुन्हा आहे आणि साडेतीन वर्षं मी आत होतो. हे आधीच सांगतो, कारण हा रिव्ह्यू त्याच कामाचा आहे. ज्यांच्या घरात असं कुणी नाही त्यांनी वाचला नाही तरी चालेल. ज्यांच्या घरात आहे, ते हा रात्री अकरानंतर एकट्याने वाचतील, मला माहीत आहे.

थोडी पार्श्वभूमी. आम्ही १९९५ मध्ये डोंबिवलीहून न्यू जर्सीला आलो, तेव्हा मी आठ वर्षांचा. २००१ च्या मंदीत बाबांची नोकरी गेली, ती परत तशी लागली नाही. इंजिनिअर माणूस पेट्रोल पंपावर रात्रपाळी करायला लागला. त्यामुळे २००६ मध्ये मी काउंटी कॉलेजात गेलो तेव्हा मला पेल ग्रँट मिळाली. पेल म्हणजे परत न फेडायचे पैसे, कर्ज नव्हे. दोन सेमिस्टर धड झाली. तिसऱ्यात, ऑक्टोबर २००७ मध्ये, पाचव्या आठवड्यात पकडलो गेलो. जामिनाचे पैसे नव्हते, त्यामुळे त्या दिवसापासून आतच. आईने मंडळात सांगितलं, त्याला टेक्सासला जॉब लागलाय. गणपतीला लोक विचारायचे, टेक्सासला उकाडा फार ना? ती म्हणायची, फार.

आता फॉर्म. आधी जुना फॉर्म सांगितल्याशिवाय नव्याचं कौतुक कळणार नाही.

१९९८ मध्ये इथल्या संसदेने कायदा केला की ड्रग्जच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या विद्यार्थ्याची सरकारी मदत ठरावीक काळ बंद. जवळ बाळगल्याबद्दल पहिल्यांदा एक वर्ष, दुसऱ्यांदा दोन. विकल्याबद्दल पहिल्यांदाच दोन. त्यापुढे बेमुदत. २००६ मध्ये त्याला जरा मुरड घातली: मदत घेत असताना केलेला गुन्हाच धरायचा. मी नेमका मदत घेत असतानाच केला होता. खून करून आलेल्याला हा फॉर्म काही विचारत नसे. त्याचा राग ड्रग्जवर.

जानेवारी २०११ मध्ये मी हाफवे हाउसमध्ये होतो, सुटकेच्या आधीचे काही महिने तिथे काढतात. तिथल्या खोलीत एक खडखडणारा कॉम्प्युटर होता, माणशी वीस मिनिटं. मी फॅफ्सा उघडला, प्रश्न क्रमांक २३ पर्यंत आलो. मदत घेत असताना ड्रग्ज बाळगल्याबद्दल किंवा विकल्याबद्दल शिक्षा झाली आहे का? हो किंवा नाही. शेजारी उभा असलेला तिथला कर्मचारी म्हणाला, सोड, ड्रग्जवाल्यांना मिळत नाही. मी विंडो बंद केली.

पुढची बारा वर्षं मी हेच खरं धरून चाललो. आणि खरं काय होतं? दोन वर्षांची मुदत शिक्षा लागल्याच्या तारखेपासून मोजतात, सुटल्याच्या तारखेपासून नाही. मला शिक्षा लागली मे २००८ मध्ये. म्हणजे मे २०१० लाच मी पुन्हा पात्र झालो होतो. हाफवे हाउसमध्ये राहणारा माणूस या नियमांपुरता तुरुंगात धरतच नाहीत. म्हणजे त्या दिवशी 'हो' लिहून पुढचे दोन-तीन प्रश्न भरले असते तर मला पैसे मिळण्यासारखे होते. मला कायद्याने अडवलं नाही, प्रश्नाने अडवलं. त्या चौकटीने असे किती जण परत पाठवले असतील याचा विचार मी आता करत नाही, रक्तदाब वाढतो.

तो प्रश्न आता नाही. डिसेंबर २०२० मध्ये फॅफ्सा सोपा करण्याचा कायदा झाला, त्यात तो गेला. लगेच गेला असंही नाही. दोन वर्षं फॉर्मवर छापलेला होता पण उत्तराला अर्थ नव्हता, हे म्हणजे दाराचं कुलूप काढायचं आणि पाटी तशीच ठेवायची. २०२३-२४ च्या फॉर्मपासून पाटीही गेली. त्याच कायद्याने, १९९४ पासून बंद असलेली तुरुंगातल्या कैद्यांची पेल ग्रँट १ जुलै २०२३ पासून परत सुरू झाली, फक्त मान्यता मिळालेल्या अभ्यासक्रमांसाठी. कैद्याला सरकारी कर्ज मात्र अजूनही मिळत नाही, आणि माझ्या मते ते बरंच आहे.

मी २०२५-२६ चा फॉर्म डिसेंबर २०२४ मध्ये भरला. मुलगी झोपल्यावर, किचनच्या टेबलावर. पस्तीस मिनिटं लागली, त्यातली दहा मी नुसता पुढच्या स्क्रीनची वाट बघत होतो. प्रत्येक वेळी 'पुढे' दाबताना वाटायचं, आता येणार. नावगाव, लग्न, मुलं, कॉलेज, टॅक्स. सही. संपलं? मी मागे जाऊन सगळी पानं परत बघितली. गुन्ह्याबद्दल एक अक्षर नाही. सैन्याच्या नोंदणीचा प्रश्नही गेलाय.

टॅक्सचे आकडे आता हाताने भरायचे नाहीत. तुम्ही संमती दिलीत की टॅक्स खात्याकडून ते थेट येतात. संमती नाही दिली तर मदतच नाही, तिथे वाद घालू नका. २०२५-२६ साठी २०२३ चं उत्पन्न बघतात. ज्याचं त्या वर्षी उत्पन्नच नव्हतं, नुकताच सुटलाय, रिटर्न भरायची गरजच पडली नाही, त्याचं काम उलट सोपं. आमच्याच वेअरहाउसमधला एकजण पंधरा मिनिटांत मोकळा झाला आणि त्याचा निर्देशांक, म्हणजे मदत किती द्यायची हे ठरवणारा आकडा, उणे १,५०० आला. त्याला वाटलं एवढं कर्ज झालं. उणे म्हणजे चांगलं, हे त्याला पटवायला मला जेवणाची सुट्टी गेली.

चोविशी उलटली असेल तर आईबाबांची माहिती लागत नाही. त्याखालच्या मुलांची लागते, आणि मुलगा आत जाऊन आला एवढ्यावरून त्यातून सूट मिळत नाही. पण आई-वडील किंवा मुलगा तुरुंगात असल्यामुळे त्यांची माहिती मिळवताच येत नसेल, तर 'असाधारण परिस्थिती' म्हणून एक प्रश्न आहे, तिथे हो म्हणा. मग कॉलेज कागद मागून निर्णय करतं.

एक तारा कापला तो खात्यासाठी. आधी सरकारी साइटवर खातं उघडावं लागतं आणि नाव, जन्मतारीख सोशल सिक्युरिटी कार्डाच्या (इथल्या सरकारी ओळख क्रमांकाच्या) नोंदीशी जुळावी लागते. आपल्या लोकांची गंमत इथेच होते. माझ्या कार्डावर मधलं नाव म्हणून बाबांचं नाव आहे, लायसन्सवर त्याचं फक्त आद्याक्षर, आणि तुरुंगाच्या कागदांवर ते आडनावाला चिकटवून टाकलेलं. मी लायसन्सप्रमाणे भरलं, जुळलं नाही. कार्डावर आहे तसंच्या तसं भरा. फोन नंबरही असा द्या जो टिकेल, कारण कोड त्यावर येतो. सुटल्यावर पहिल्या वर्षात माणूस तीन-तीन नंबर बदलतो. फॉर्म इंग्रजी आणि स्पॅनिशमध्येच आहे. आणि कुणी भरून देण्याचे पैसे मागितले तर उठून या. फॅफ्सातला पहिला एफ 'फ्री'चा आहे.

ग्रीन कार्डवाल्यांना ही मदत मिळते. एच-वन, एच-फोर व्हिसावाल्यांना नाही. पण घरातल्या कुणाला शिक्षा झालेली असेल आणि ग्रीन कार्ड असेल, तर फॅफ्साच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा. ड्रग्ज विकण्याच्या गुन्ह्यात ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढू शकतात. माझे बाबा २००४ मध्ये नागरिक झाले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, त्यांच्याबरोबर आपोआप नागरिक झालो. एक वर्ष उशीर झाला असता तर मी हे डोंबिवलीतून लिहीत असतो.

आठवड्याभरात उत्तर आलं. मुलगी माझ्याकडे असते, पगार बेताचा, त्यामुळे पूर्ण पेल: वर्षाला ७,३९५ डॉलर. त्याखाली एक ओळ होती: आयुष्यभराच्या कोट्यापैकी ११७ टक्के वापरले. कोटा सहाशे टक्क्यांचा, पूर्ण वेळेच्या बारा सेमिस्टरचा. दोन अख्खी सेमिस्टर म्हणजे शंभर, आणि वरचे सतरा म्हणजे २००७ चे ते पाच आठवडे. सरकारने ते मोजून ठेवले होते. मी ती ओळ बराच वेळ बघत बसलो.

इथपर्यंत फॉर्म. आता ऑफिस.

मी त्याच काउंटी कॉलेजात परत गेलो, नाव लिहीत नाही. पहिला फटका अर्ज करायच्याही आधीचा. सेमिस्टर साठ टक्के होण्याआधी तुम्ही गायब झालात तर न 'कमावलेली' मदत कॉलेजला सरकारला परत द्यावी लागते, आणि कॉलेज ती तुमच्या नावावर टाकतं. पंधरापैकी पाच आठवडे, म्हणजे एक तृतीयांश कमावलं, बाकी परत. माझ्या नावावर १,१४० डॉलर होते. मी आत असताना त्याची पत्रं घरी येत होती आणि आई ती न उघडता देवघराच्या खणात ठेवत होती. पुढे ते वसुलीवाल्यांकडे गेलं. एप्रिल २०२३ मध्ये मी कॉलेजला फोन केला, महिना साठ डॉलर ठरले, एकोणीस हप्त्यांत ऑक्टोबर २०२४ ला फिटलं. वाचणाऱ्याला एकच सांगतो: फॅफ्साला हात लावण्याआधी जुन्या कॉलेजला फोन करून बाकी विचारा. जुनं सरकारी विद्यार्थी-कर्ज बुडीत गेलं असेल तर तेही आधी. दहा महिन्यांत नऊ हप्ते वेळेवर भरले की ते बुडीत खात्यातून बाहेर येतं. कर्ज बुडीत असताना नवी मदत साधारणपणे बंद असते.

मग मला पडताळणीसाठी काढलं. ईमेल आला: ओळखपत्र घेऊन समोर या आणि पैसे शिक्षणासाठीच वापरीन अशा निवेदनावर सही करा. झालं, म्हटलं, कळलं यांना. शर्ट इस्त्री करून गेलो. काउंटरवरची मुलगी माझ्या मुलीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल. तिने लायसन्स बघितलं, सही घेतली, दोन मिनिटांत संपलं. मी विचारलं, मलाच का? ती म्हणाली, आज तुम्ही सातवे. फॉर्ममध्ये गुन्ह्याची माहितीच नाही तर त्यावरून निवड होणार कशी, हे मला घरी येताना गाडीत सुचलं.

खरी अडचण तिसरी. मदत चालू राहायला 'समाधानकारक प्रगती' लागते. या कॉलेजात ग्रेडची सरासरी चारपैकी दोनच्या वर आणि घेतलेल्या विषयांपैकी ६७ टक्के पास. मी बारा विषय घेतले होते. एक मधे सोडलेला, आणि तिसऱ्या सेमिस्टरचे चार, ज्यातून नाव काढायला मी कुणाला सांगू शकलो नव्हतो, त्या चारांवर चार एफ, म्हणजे नापास. बारापैकी सात, म्हणजे ५८ टक्के. अठरा वर्षं उलटली तरी ते एफ जुने होत नाहीत. मदत मंजूर, पण अडवलेली.

त्यावर अपील करता येतं. अपीलचा फॉर्म एका पानाचा: तेव्हा काय झालं, आता काय बदललं, पुरावा जोडा. आणि इथे मला हसू आलं. ज्या गोष्टीसाठी संसदेने कायदा बदलला, जो प्रश्न फॉर्मवरून खोडला, तो प्रश्न एका काउंटी कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर रिकाम्या चौकटीच्या रूपाने माझी वाट बघत होता. आता 'हो' किंवा 'नाही' पुरणार नव्हतं, निबंध लिहायचा होता.

पहिला खर्डा चार पानांचा झाला. बाबांची नोकरी, मित्र, गोळ्या, पश्चात्ताप, सगळं. सुटून आलेल्यांना मदत करणाऱ्या संस्थेत एक वयस्कर बाई आहेत, त्यांना दाखवला. त्यांनी लाल पेन काढलं आणि म्हणाल्या, न्यायाधीश झाले, पॅरोल बोर्ड झालं, आता फायनान्शियल एडच्या ऑफिसलाही शिक्षा द्यायला बोलावणार आहेस का? त्यांना फक्त तारखा हव्यात. शेवटी उरलं ते असं: "ऑक्टोबर २००७ ते मार्च २०११ मी कैदेत होतो. त्यामुळे चार विषयांना हजर राहू शकलो नाही आणि अधिकृतपणे नावही काढू शकलो नाही. तो काळ संपला आहे. गेली नऊ वर्षं एकाच ठिकाणी नोकरी करतो. या सेमिस्टरला दोनच विषय घेत आहे." कशाबद्दल कैद, ते नाही. पुराव्याला पॅरोल संपल्याचा कागद आणि त्या बाईंचं पत्र.

ऑफिसचे तीन तारे इथे गेले. अपील जूनमध्ये दिलं. तीन आठवड्यांनी कळलं की अपूर्ण आहे, कारण पत्र लेटरहेडवर नव्हतं. फोन केला की वेगळा माणूस, आणि प्रत्येक माणसाला पहिल्यापासून सांगायचं. एकाने रांगेत दहा पोरं उभी असताना काउंटरवरून मोठ्याने विचारलं, इन्कार्सरेशनचं (कैदेचं) अपील तुमचंच ना? सगळी पोरं फोनमधून वर बघायला लागली. आमच्या वेळी ही मंडळी जन्मलीही नव्हती. ऑगस्टमध्ये मंजुरी आली, अभ्यासाच्या आराखड्याच्या अटीवर, पण तोवर फीची तारीख उलटून गेली होती आणि कॉलेजने माझे दोन्ही विषय काढून टाकले होते. संध्याकाळची इलेक्ट्रिकलची तुकडी भरलेली. पहिल्या दिवशी वर्गाच्या दाराशी उभा राहिलो, कुणीतरी आलं नाही म्हणून जागा मिळाली. एक तारा त्या काउंटरवरच्या मुलीला दिलाय, जिने त्या दिवशी रजिस्ट्रारला स्वतः फोन लावला. दुसरा कशासाठी ते आठवत नाही, राहू दे.

विषय कोणता, हे फॉर्म विचारत नाही पण तुम्ही स्वतःला विचारा. मला रेस्पिरेटरी थेरपी करायची होती. पण त्याचं प्रशिक्षण हॉस्पिटलात असतं, हॉस्पिटलं पार्श्वभूमी तपासतात, आणि पुढे लायसन्सचं बोर्डही तपासतं. मदत मिळेल, डिग्रीही मिळेल, आणि दाराशी अडकाल असं होऊ शकतं. नर्सिंग, एक्स-रे, शिक्षकी, सगळीकडे हे आधी विचारून घ्या. मी हीटिंग-कूलिंग घेतलं. शीतगृहात नऊ वर्षं फोर्कलिफ्ट चालवतोय, उणे तपमानात. कॉम्प्रेसर बंद पडला की जो माणूस येतो तो तासाभरात माझ्या दोन दिवसांचा पगार घेऊन जातो. गॅस हाताळायला केंद्राची ६०८ ची परीक्षा लागते, तिला चारित्र्याचा दाखला लागत नाही.

माझे दोन विषय मिळून सहा क्रेडिट, म्हणजे पूर्ण वेळेच्या निम्मे, म्हणून पेलही निम्मी: सेमिस्टरला सुमारे १,८४८ डॉलर. माझी फी आणि पुस्तकं त्यात बहुतेक बसतात.

आणि तो जुना प्रश्न पुरता मेलेला नाही. शिक्षणखर्चावर टॅक्समध्ये २,५०० डॉलरपर्यंतची एक सवलत आहे, तिचा फॉर्म ८८६३. त्यात अजून विचारतात: ड्रग्जच्या फेलनीत, म्हणजे गंभीर गुन्ह्यात, शिक्षा झाली आहे का? हो असेल तर ती सवलत नाही. न्यू जर्सीत फेलनी हा शब्दच वापरत नाहीत, इंडिक्टेबल म्हणतात, म्हणून मला वाटलं सुटलो. टॅक्सवाल्या काकूंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, एक वर्षाच्या वर शिक्षा होण्यासारखा गुन्हा ना? मग हो लिही. दुसरी, कमी पैशांची सवलत आहे, तिला हा प्रश्न नाही. ती घ्या.

आराखड्याप्रमाणे माझी प्रगती दर सेमिस्टरला तपासणार आहेत. डिसेंबरमध्ये ग्रेड आले की इथे अपडेट टाकतो. इलेक्ट्रिकलच्या पहिल्या टेस्टला ८४ पडलेत. आईला सांगितलं तर तिने देवघराचा खण उघडला, ती जुनी पत्रं काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आता तरी ही फाड, इथे जागा नाही.